दोन खाचा

६ फेब्रुवारी

वस्ताद,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच कुठेतरी ठेवून द्याल, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, वस्तादांना बंद पाकीट समोर सहन होत नाही, मला माहीत आहे. उघडलंत ना? मग आता शेवटपर्यंत वाचा.

तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे? तुम्ही लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहता, असं भांडारातल्या कारकुनाने सांगितलं. पत्ताही त्याच्याकडूनच काढला, त्यासाठी दोन दिवस त्याच्या मागे भुणभुण लावावी लागली. इकडे आम्ही बरे आहोत. हे अजून बसच चालवतात, आणि घरात कोणी वाटेत आलं की हॉर्न दिल्यासारखे खाकरतात. थोरली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला उलट उत्तरं देते. म्हणजे शिक्षण चांगलं चाललंय.

आपली एक्स-रे खोली तुम्ही आता ओळखणार नाही. डार्करूमची भिंत पाडली, टाक्या भंगारात गेल्या, प्लेटा धुणं-वाळवणं सगळं संपलं. चित्र थेट संगणकावर येतं. टाक्यांतल्या फिक्सरचा वास मात्र कोपऱ्यातून अजून जात नाही. नवीन पोरी नाक मुरडतात. मला तो वास आला की बरं वाटतं.

आता कामाचं सांगते. तंत्रज्ञाच्या तीन कायम जागा निघाल्या आहेत. पात्रता दोन वर्षांची पदविका. माझी एक वर्षाची, कारण मी शिकले तेव्हा तो अभ्यासक्रमच एक वर्षाचा होता. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलंय की जुनी एक वर्षाची पदविका चालेल, पण तंत्रज्ञ म्हणून पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव हवा. मी उड्या मारतच अर्ज भरला. आठवड्यात परत. का, तर कागदोपत्री मी मदतनीस. 'बाई, तंत्रज्ञ म्हणून तुमचा अनुभव शून्य आहे,' असं आस्थापनेतला कारकून मला हसत हसत म्हणाला. त्याच्या बापाचं मोडलेलं मनगट मी धरलं होतं वस्ताद, प्लेट मी काढली होती, आणि हा मला शून्य म्हणतो. अंगाची नुसती लाही लाही झाली.

तुम्ही गेल्यापासून सात वर्षं मला मशीनला हात लावू दिलेला नाही. मी माणसं टेबलावर चढवते आणि उतरवते. त्यामुळे मोजायची ती तुमच्या हाताखालची सहा वर्षंच. एप्रिलमध्ये मला पंचेचाळीस पूर्ण होतात. त्यानंतर अर्जसुद्धा करता येत नाही. म्हणजे ही शेवटची संधी, आणि मी ती सोडणार नाही.

मी हरकत घेतली. छाननी समितीपुढे उभी राहिले. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई आहेत, कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "त्या सहा वर्षांत प्लेटा तुम्हीच काढत होता याला पुरावा काय? रजिस्टरमध्ये सगळीकडे एकाच माणसाची सही आहे." सही तुमची. दुसऱ्या कोणाची असणार? मदतनिसाने सही करायची नसते. मी पुढची तारीख मागून घेतली.

घरी येताना बसमध्ये एकदम आठवलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शिशाची दोन अक्षरं दिलीत, एक डाव्याचं, एक उजव्याचं. प्लेटवर ती पांढरी उमटतात आणि कुठली बाजू ते डॉक्टरला कळतं, असं समजावून सांगितलंत. मग हातात कानस दिलीत. "दोन्हींना खाली दोन-दोन खाचा पाड. माझ्या अक्षरांना एकच आहे. प्लेट बिघडली तर कोणाचा कान धरायचा, ते मला कळलं पाहिजे." आणि माझा कान कितीदा धरलात, त्याची गणतीच नाही.

तर वस्ताद, त्या खाचा प्लेटांवर आहेत, आणि प्लेटा लोकांच्या घरी आहेत. तेव्हा प्लेट पेशंटच्याच हातात द्यायचो ना आपण. रजा काढली आणि ह्यांना घेऊन दारोदार फिरले. लोक काय काय जपून ठेवतात. कपाटावर, गादीखाली, लग्नाच्या फोटोंच्या मागे. एकाने आपली छाती खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी बसवली होती. ती काढून घेतली आणि ह्यांनी तिथे पुठ्ठा लावून दिला. एका बाईने विचारलं, "आता काय बिघडलंय माझं?" एकतीस घरं झाली, त्रेचाळीस प्लेटा मिळाल्या. प्रत्येकीवर नंबर आहे, तारीख आहे, आणि माझ्या दोन खाचा.

पण दोन खाचा म्हणजे मी, हे सांगणार कोण? एकटे तुम्ही. एक साधं निवेदन हवंय: तुम्ही प्रत्येकाला खाचा पाडायला लावत होता, एक तुमची, दोन माझ्या. सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे.

एका घरी अजून गेलेले नाही. जाईन. बाकी जुनं काही उकरून काढत नाही, पत्र लांबलंच आहे. वहिनींना नमस्कार.

तुमची बडबडी मदतनीस


१९ फेब्रुवारी

वस्ताद,

नमस्कार. तुमचं निवेदन काल पोचलं. सात वर्षांत मी एक पोस्टकार्ड टाकलं नाही, आणि तुम्ही चौथ्या दिवशी दोन पानं लिहून, शिक्का मारून पाठवलीत. वाचताना रडू आलं. दुसऱ्या पानावर रडू थांबलं आणि राग आला. म्हणून ते पाकिटात घालून परत पाठवते आहे.

तुम्ही लिहिता, दोन खाचांच्या सगळ्या प्लेटा माझ्या, 'अपवाद फक्त क्रमांक २८१७च्या दोन प्लेटांचा. त्या दिवशी माझी अक्षरं सापडत नसल्याने मी तिची वापरली.' तुमची अक्षरं सापडत नव्हती? वस्ताद, अक्षरांची ती काडेपेटी तुमच्या शर्टाच्या खिशात असायची. जेवताना खिशात, भांडताना खिशात. आख्ख्या इस्पितळात कोणाला विचारा, कोणी विश्वास ठेवणार नाही. खोटं बोलायचंच होतं तर जरा बरं बोलायचं.

म्हणजे मी गेल्या पत्रात काय गिळलं, ते तुम्ही पहिल्याच वाचनात ओळखलंत. मग आता मीच लिहिते. इतकी वर्षं मनात इतक्यांदा लिहिलंय की हाताला सवय झाली आहे.

तुम्ही जेवायला गेला होतात. बाहेर बाकावर चौदा माणसं होती. प्लेट घालायच्या कॅसेटवर अक्षर आधी लावून ठेवायचं नाही, असं तुम्ही शंभरदा बजावलं होतं. माणूस टेबलावर आला पाहिजे, त्याचा पाय आपल्या हातात आला पाहिजे, मग अक्षर. पण मला घाई होती. आणि खरं सांगायचं तर तुम्ही परत यायच्या आत बाक रिकामा करून दाखवायचा होता. मी टेबलाच्या डाव्या अंगाला डाव्याचं आणि उजव्या अंगाला उजव्याचं अक्षर चिकटवून तयार ठेवलं. मग शिवणवाल्या आजींना आणलं. स्ट्रेचरचं चाक अडकलं होतं, म्हणून त्यांना उलटं घेतलं, डोकं दाराकडे. दोन्ही पाय सुजलेले. वाचा गेलेली, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. माणूस उलटा झाला की डावं-उजवंही उलटं होतं, हे पहिल्या वर्गातल्या पोराला कळतं. मला कळलं नाही. मी बटण दाबलं.

तडा उजव्या पायाच्या नळीला होता. प्लास्टर डाव्या पायाला घातलं. अकरा दिवस.

दुसऱ्यांदा प्लेट तुम्ही काढलीत. पहिल्या प्लेटा मागवून उजेडाला धरल्यात, खाचा बघितल्यात आणि मग माझ्याकडे. त्या दिवशी तुम्ही माझा कान धरला नाहीत. चौकशीत सरळ म्हणालात, माझ्या हातून झालं. कबुली मिळाल्यावर प्लेटा कशाला कोण बघतंय? रजिस्टरमध्ये सही तुमची होतीच. मी दाराबाहेर उभी होते. आत यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं. घाबरले. दुसरं काही कारण देत नाही. घरात अडचण होती, मुलं लहान होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण घाबरले होते, हेच खरं.

तुम्हाला दुसऱ्या गावच्या औषधांच्या गोदामात टाकलं. एक्स-रेचा वस्ताद खोकी मोजत बसला. तुम्ही गेलात त्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली होती. मला काहीही झालेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते, रागवू नका. तुम्ही मला वाचवलंत, पण मदतनिसाच्या हातात मशीन दिलं होतं, हेही त्यात झाकलं गेलं. मी तुमची आरती ओवाळत नाहीये. चूक माझी होती आणि पांघरूण दोघांचं होतं. त्या पांघरुणामुळेच आज मी कागदावर शून्य आहे.

परवा आजींकडे गेले. सात वर्षं मी त्यांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने कामाला जाते. पुढची खोली म्हणजे दुकानच आहे, कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची रिळं, आणि पायाने चालवायचं ते जुनं मशीन. उजवा पाय पायट्यावर दाबता येत नाही, म्हणून मशीन तिरकं ठेवलंय आणि डाव्या पायाने चालवतात. वाचा परत आलीय, सावकाश बोलतात. प्लेटा मागायचं सोडून आधी सगळं सांगून टाकलं. ह्यांना बाहेर उभं केलं होतं, तेसुद्धा आत येऊन उभे राहिले.

आजी शिवण घालत राहिल्या. एक बाही संपवली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "दोन गल्ल्या ओलांडायला तुला सात वर्षं लागली?"

मी म्हटलं, "हो."

"लंगडी मी झाले आणि वेळ तुला लागला." मग बोटाने ट्रंक दाखवली. "खाली आहेत, कापडात गुंडाळलेल्या. माझ्या आहेत. काम झालं की परत आणून द्यायच्या. आणि त्या तुझ्या वस्तादाला सांग, त्याने तेव्हा माझी माफी मागितली होती. मी त्याला नको नको ते बोलले होते."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

प्लेटा आता माझ्यासमोर टेबलावर आहेत. खाचा इतक्या ठसठशीत उमटल्यात की काय सांगू.

आता नीट ऐका. माझं म्हणणं असं आहे की दोन खाचा जिथे आहेत तिथे मी आहे. त्रेचाळीस ठिकाणी मी आहे आणि एका ठिकाणी तुम्ही, असं मी समितीला सांगणार नाही. मला नोकरी हवी आहे. खूप हवी आहे. त्या पोरी खुब्याच्या पेशंटला कसं फिरवायचं ते मला विचारतात आणि सही मात्र त्या करतात, हे मला रोज टोचतं. पण मी पात्र आहे, असं त्या टेबलापुढे म्हणायचं असेल तर सगळ्या प्लेटा घेऊनच म्हणेन. ह्यांनी विचारलं, "आणि त्यांनी त्यावरून घरी पाठवलं तर?" मी म्हटलं, मग तुम्ही आहातच हॉर्न द्यायला. ते हसले नाहीत. पण प्लेटांना बांधायला सुतळी त्यांनीच आणून दिली.

म्हणून ती ओळ काढा. तुमच्या हाताने काढा, शेजारी सही करा आणि परत पाठवा. नाही पाठवलंत तर मी निवेदनाशिवाय जाईन, पण खोट्या निवेदनासकट जाणार नाही. आणि काडेपेटी खिशात आहे की नाही, ते आत्ता चाचपून बघा.

तुमची हट्टी,
जिला तुम्ही कान धरून शिकवलंत ती


१ मार्च

वस्ताद,

नमस्कार. पार्सल सव्वीसला मिळालं. ती ओळ तुम्ही पट्टी धरून दोनदा खोडली होती आणि शेजारी सही होती. चिठ्ठी काही नव्हती, नुसती काडेपेटी. आत कापसात तुमची दोन्ही अक्षरं, एकेका खाचेची. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. मी ती बराच वेळ हातात धरून बसले होते. हे म्हणाले, पुरे, हरवशील.

काल सुनावणी झाली. समितीत तिघे होते, कोपऱ्यात आस्थापनेतला तो कारकून. प्लेटा बघायची उजेडाची पेटी आता इस्पितळात कुठेच उरलेली नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी गठ्ठा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन एकेक प्लेट काचेला लावून बघू लागल्या. २८१७च्या दोन्ही मी सगळ्यात वर ठेवल्या होत्या. म्हटलं, आधी तेच होऊन जाऊ दे.

"ह्या पायाच्या आहेत," त्या म्हणाल्या.

"हो. आणि अक्षरं चुकीची आहेत. उजव्यावर डाव्याचं आहे. ती मी लावली होती."

मग सगळं सांगितलं. टेबल, स्ट्रेचर, आधी लावून ठेवलेली अक्षरं, अकरा दिवस, दाराबाहेर उभी राहिले ते. तुम्ही मला बडबडी म्हणता, पण काल मी एकही जास्तीचा शब्द बोलले नाही. कारकून कोपऱ्यातून म्हणाला, "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हटलं, "कुठला पाय ते या वेळी नीट बघून मारलाय."

डॉक्टरबाईंनी जुनी चौकशीची फाइल मागवली. ती यायला तासभर लागला. तेवढ्यात त्यांनी बाकीच्या त्रेचाळीस प्लेटा बघितल्या आणि तुमच्या काडेपेटीतली अक्षरं माझ्या अक्षरांशेजारी ठेवून ताडून पाहिली. फाइल वाचून झाल्यावर चष्मा काढला. म्हणाल्या, "खरं सांगू? नुसत्या त्या त्रेचाळीस प्लेटांवर मी विश्वास ठेवला नसता. खाचा तुमच्या आहेत, असं तुम्ही म्हणता आणि तुमचेच गुरू म्हणतात. दोघांनी मिळून ठरवलेलं असू शकतं. पण ही प्लेट माझी आहे, असं फायद्यासाठी कोणी म्हणणार नाही. ही तुमची असेल तर बाकीच्याही तुमच्याच."

सहा वर्षांचा अनुभव धरला, वस्ताद. मी पात्र आहे. तसं लिहिलेला कागद माझ्याकडे आहे.

नेमणूक मात्र थांबली आहे. २८१७ची चौकशी पुन्हा उघडणार, या वेळी माझ्या नावावर. निकाल काय लागेल ते कोणीच सांगू शकत नाही. मला ठपका लागेल हे नक्की, नोकरी मिळेल का ते नक्की नाही. मी लेखी जबाब दिला आणि प्रत्येक पानावर सही केली. तुमच्यावरचा ठपका काढण्याचा प्रस्ताव त्याच कागदात आहे, चौथ्या मुद्द्यात. डॉक्टरबाईंनी तो माझ्यासमोर लिहिला. तुम्हाला बोलावणं येईल. या. मदतनिसाच्या हातात मशीन दिलं होतं, हे तुम्हालाही सांगावं लागेल. खरं तेवढंच सांगा, आणि जिने चढताना कठड्याला धरा.

आजींना त्यांच्या प्लेटा सध्या देता येणार नाहीत, समितीने ठेवून घेतल्या. ते सांगायला गेले तर म्हणाल्या, "पावती दाखव." दाखवली. तुमच्या काडेपेटीचीही पावती घेतली आहे, ती सोबत जोडते. खिसा रिकामा वाटेल काही दिवस.

काल निघताना भांडारातून ते जुनं रजिस्टर काढून घेतलं. खाडाखोड नाही केली, भिऊ नका. डॉक्टरबाईंच्या परवानगीने, त्यांच्यासमोर, तुमच्या सहीखाली मोकळ्या जागेत एक ओळ लिहिली आणि कालची तारीख टाकली. तीच इथे उतरवते.

क्रमांक २८१७. तडा उजव्या पायाला. अक्षरं चुकली.
प्लेट काढणारी: मी.